डोळ्यांदेखत घडलेलं कागदावर कसं उतरवायचं

मोठी घटना पाहिली की माणूस आधी फोन उचलतो. दहा जणांना सांगतो, दहा जणांचं ऐकतो, टीव्हीवर तेच दृश्य वीस वेळा पाहतो आणि रात्री कधीतरी वही उघडतो. तोवर आपण पाहिलेलं, शेजाऱ्यानं सांगितलेलं आणि निवेदकानं म्हटलेलं यांची सरमिसळ होऊन गेलेली असते. वर आपल्याला ती सरमिसळच अस्सल आठवण वाटते. म्हणून क्रम उलटा ठेवायचा. कोणाला मदत हवी असेल तर ती अर्थातच सगळ्यात आधी, पण त्यानंतर वही आणि मग फोन.

ही घाई कशासाठी, ते एका प्रयोगातून नीट कळतं. २८ जानेवारी १९८६ ला चॅलेंजर हे अवकाशयान उड्डाणानंतर ७३ सेकंदांनी हवेतच फुटलं. उल्रिक नाइसर या मानसशास्त्रज्ञानं दुसऱ्या दिवशी सकाळी आपल्या विद्यार्थ्यांकडून ‘बातमी कशी कळली, कुठं होतात, कोण सोबत होतं’ हे लिहून घेतलं. अडीच वर्षांनी त्यांतल्या ४४ जणांना तेच प्रश्न पुन्हा विचारले. ११ जणांची दुसरी हकीगत पहिलीशी कुठंच जुळेना, तरी बहुतेकांना आपल्या आठवणीची खात्री होती. स्वतःच्या हस्ताक्षरातला कागद समोर ठेवूनही मूळ आठवण परत आली नाही. आठवण ठळक आहे म्हणजे ती बरोबर आहे, असा हिशेब इथं लागत नाही. त्यामुळे पहिल्या चोवीस तासांतल्या एका पानाचं मोल वीस वर्षांनी लिहिलेल्या वीस पानांहून जास्त.

पहिलं पान

वीस मिनिटं आणि एक कोरा कागद पुरतो. वरच्या बाजूला चार गोष्टी लिहा: आजची तारीख, लिहायला बसलात ती वेळ, कुठं बसून लिहिताय ती जागा, आणि आतापर्यंत या घटनेबद्दल कोणाशी बोललात, कोणते रिप्ले पाहिलेत. ही चौथी ओळ बहुतेक जण गाळतात आणि पुढं तिचीच सगळ्यात जास्त गरज पडते. दोन माणसं बोलली की एकाचं दुसऱ्याच्या आठवणीत शिरतंच. २००३ सालच्या एका अभ्यासात जोडीतल्या दोघांना एकच प्रसंग वेगवेगळ्या कोनांतून टिपलेल्या फितींवर दाखवला आणि मग आपसात बोलू दिलं. बोलणं झालेल्यांपैकी ७१ टक्के लोकांनी स्वतः न पाहिलेला निदान एक तपशील ‘पाहिला’ म्हणून सांगितला. यात खोटं कोणीच बोलत नव्हतं.

लिहायला सुरुवात घटनेपासून करू नका. तिच्या आधीच्या पाच मिनिटांपासून करा: कुठं उभे होतात, तोंड कुठल्या दिशेला होतं, हातात काय होतं, बाजूला कोण होतं. मग जे जसं आठवेल तसं. मधला दुवा सापडत नसेल तर दोन ओळी कोऱ्या सोडून पुढं जा. चुकलं तर एकच आडवी रेघ मारा, खोडरबर वापरू नका. पहिल्यांदा काय लिहिलं होतं तेही नंतर लागतं.

प्रत्येक वाक्याच्या डाव्या समासात एक खूण करा. ‘पा’ म्हणजे मी पाहिलं, ‘ऐ’ म्हणजे मी माझ्या कानांनी ऐकलं, ‘सां’ म्हणजे कोणीतरी सांगितलं, ‘अं’ म्हणजे माझा अंदाज. सुरुवातीला हे किचकट वाटतं, पण आपण किती गोष्टी पाहिल्या नसताना पाहिल्याच्या थाटात लिहितो, ते दहा ओळींतच उघडं पडतं.

समजा पूल पडताना पाहिला. नेहमीची नोंद अशी असते: ‘पूल कोसळला तेव्हा प्रचंड आवाज झाला आणि सगळे पळाले.’ यात कामाचं काही नाही. कामाची नोंद अशी:

‘मी पश्चिम काठावर, पुलाच्या तोंडापासून अंदाजे ४० पावलांवर, झाडाखाली. पा – मधला गाळा आधी खाली वाकला, मग तुटला. ऐ – आवाज दोन. पहिला लाकूड मोडल्यासारखा, दुसरा जड. दोन्हींमध्ये “एक-दोन-तीन” म्हणण्याइतकं अंतर. पा – डावीकडचे चार-पाच जण मागं पळाले, उजवीकडचे जागीच. सां – पुलावर दुचाकी होती (शेजारी उभ्या माणसानं लगेच म्हटलं). मला दुचाकी दिसली नाही.’

शेवटचं वाक्य पाहा. ‘दुचाकी नव्हती’ असं लिहिलेलं नाही, ‘मला दिसली नाही’ असं लिहिलं आहे. या दोहोंत जमीन-अस्मानाचा फरक आहे आणि साक्षीदारांच्या कथनांमधले निम्मे वाद या फरकाकडं दुर्लक्ष केल्यानं होतात.

पानाच्या मागं नकाशा काढा. चित्रकला येत नसली तरी चालेल. तुम्ही म्हणजे फुली, नजरेची दिशा म्हणजे बाण, माहीत असेल तर उत्तर दिशा, आणि अंतरं पावलांत. मीटरचा अंदाज बहुतेकांचा चुकतो. पावलं नंतर तिथं जाऊन मोजता येतात. तुम्ही आणि घटना यांच्यामध्ये काय आडवं येत होतं (खांब, झाड, माणसं) तेही दाखवा. तुम्हाला काय दिसणं शक्यच नव्हतं ते या नकाशावरूनच ठरतं.

वेळ, अंतर, गर्दी

वेळ लिहिताना ती कोणत्या घड्याळाची ते लिहा. मोबाइलचं घड्याळ नेटवर्कवरून जुळतं, ते सहसा बरोबर असतं. मनगटावरचं, भिंतीवरचं किंवा गाडीतलं दोन-पाच मिनिटं इकडंतिकडं असतं. घटना संपल्यावर ते मोबाइलशी ताडून फरक टिपून ठेवा. कालावधीच्या बाबतीत तर स्वतःवर विश्वासच ठेवू नका. घाबरलेल्या माणसाला दहा सेकंद मिनिटाएवढी वाटतात, भूकंपाच्या हकिगतींमध्ये हे हमखास होतं. तेव्हा काय काय केलंत ते क्रमानं लिहा: उठलो, दार उघडलं, जिना उतरलो. नंतर घड्याळ लावून तेच पुन्हा करून पाहा, खरा आकडा हाती येतो.

प्रकाश आधी दिसला आणि आवाज नंतर आला, तर मधले सेकंद मोजा. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, म्हणजे तीन सेकंदांना जवळपास एक किलोमीटर. १५ फेब्रुवारी २०१३ च्या सकाळी रशियातल्या चेल्याबिन्स्कवर उल्का फुटली. लखलखाट पाहून लोक खिडक्यांशी धावले आणि दोनेक मिनिटांनी आलेल्या हादऱ्यानं काचा त्यांच्या अंगावर फुटल्या. दीड हजारांच्या आसपास लोकांना इजा झाली, बहुतेकांना काचांमुळेच. तेव्हा आकाशात असं काही दिसलं तर मोजणी जरूर करा, पण खिडकीपासून लांब राहून. त्याच उल्केचा मार्ग पुढं गाड्यांमधल्या कॅमेऱ्यांच्या फितींवरून काढता आला, कारण कोणती गाडी कुठं होती ते ठाऊक होतं. जागा ठाऊक नसलेली चित्रफीत कितीही सुंदर असली तरी या कामी फुकट जाते.

आकाशातली उंची मोजायला हात पुरतो. हात पूर्ण लांब केला की मूठ सुमारे १० अंश व्यापते आणि करंगळी १ अंश. ‘झाडाच्या शेंड्याच्या वर दोन मुठी, पाण्याच्या टाकीच्या डावीकडं एक मूठ’ एवढं लिहिलं तरी जाणकाराचं काम होतं.

गर्दीबद्दल ‘लाखो लोक’ लिहून काही साधत नाही. विसाव्या शतकात हर्बर्ट जेकब्स नावाच्या अमेरिकी पत्रकारितेच्या प्राध्यापकानं रूढ केलेली पद्धत अजूनही चालते. जागेचं क्षेत्रफळ काढायचं आणि दाटीच्या आकड्यानं गुणायचं. हात पसरता येतील अशी सैल गर्दी असेल तर चौरस मीटरला एक माणूस, खांद्याला खांदा लागत असेल तर अडीचच्या आसपास, मुंगी शिरणार नाही अशी असेल तर चार. गडबड होते ती पुढच्या दाटीचा आकडा मागच्या विरळ भागाला लावल्यानं. मैदानाचे तीन-चार तुकडे पाडून प्रत्येकाचा वेगळा हिशेब करा.

थेट प्रक्षेपण पाहिलं असेल तर

इथं लोक सगळ्यात जास्त फसतात, म्हणून थोडं विस्तारानं.

घटना कॅमेऱ्यानं टिपलेलीच असते, ती पुन्हा वर्णन करण्यात वेळ घालवू नका. तुमच्या नोंदीत हवं ते फितीत नसलेलं: कोणता पडदा, कोणती वाहिनी किंवा ॲप, कोणत्या भाषेतलं निवेदन, खोलीत कोण कुठं बसलं होतं, आवाज चालू होता की बंद, मध्ये वीज गेली का, कोण उठून गेलं, काही वेळ कोणीच का बोललं नाही.

मग पडद्यावर नेमकं काय दिसत होतं ते लिहा. खरा कॅमेरा, संगणकावर केलेलं चलचित्र, स्टुडिओतली माणसं की जुनी साठवलेली दृश्यं? २३ ऑगस्ट २०२३ च्या संध्याकाळी ६ वाजून ४ मिनिटांनी चांद्रयान-३ उतरलं, तेव्हा थेट प्रक्षेपणात नियंत्रण कक्ष, आकडे, आलेख आणि यानाचं संगणकीय चित्र दिसत होतं. यानाच्या स्वतःच्या कॅमेऱ्यातली उतरतानाची फीत नंतर प्रसिद्ध झाली. ‘यान चंद्रावर टेकताना मी थेट पाहिलं’ असं सांगणारा माणूस खोटं बोलत नाही, पण त्यानं पाहिलं होतं ते चलचित्र. १९६९ चं तसंच. अपोलो ११ मधून उतरून चंद्रावर टाकलेलं पाऊल जगानं थेट पाहिलं, पण खुद्द यान उतरतानाची दृश्यं फिल्मवर होती आणि ती फिल्म यानाबरोबर परत आल्यावरच दिसली.

थेट की पुनःप्रक्षेपण, हेही लिहा. खात्री नसेल तर ‘खात्री नाही’ असंच लिहा. ११ सप्टेंबर २००१ ला न्यूयॉर्कमध्ये पहिलं विमान ८:४६ ला धडकलं, ते कोणत्याही वाहिनीवर थेट दिसलं नाही. थेट दिसलं ते ९:०३ चं दुसरं. तरी पहिलं थेट पाहिल्याचं शपथेवर सांगणारे पुष्कळ भेटतात. ४ ऑक्टोबर १९९२ ला ॲमस्टरडॅममध्ये एक मालवाहू विमान रहिवासी इमारतीवर कोसळलं. त्या क्षणाची फीत अस्तित्वातच नव्हती. तरी काही महिन्यांनी डच संशोधकांनी ‘ती फीत टीव्हीवर पाहिलीत का’ असं विचारल्यावर निम्म्याहून जास्त लोक हो म्हणाले. क्रिकेटवेड्यांसाठी आणखी जवळचं उदाहरण: १८ जून १९८३ ला टनब्रिज वेल्सला कपिल देवनं झिम्बाब्वेविरुद्ध काढलेल्या नाबाद १७५ धावांचं चित्रीकरणच झालेलं नाही. ती खेळी टीव्हीवर पाहिल्याचं कोणी रंगवून सांगत असेल तर त्याला टोकू नका, फक्त समासात खूण करा.

वेळेचा घोळ दोन प्रकारचा असतो. पहिला, उशिराचा. भूस्थिर उपग्रह जवळपास ३५,८०० किलोमीटर उंचीवर असतो, त्यामुळे संदेशाला वर जाऊन खाली यायलाच पाव सेकंद लागतो. डिजिटल प्रक्रियेत त्यात काही सेकंदांची भर पडते, आणि इंटरनेटवरून पाहत असाल तर वीस-तीस सेकंद किंवा त्याहून जास्त. शेजारच्या घरातून आधी आरडाओरडा येतो आणि आपल्या पडद्यावर गोलंदाज अजून धावतच असतो, तो याचाच प्रकार. म्हणून ‘मी पाहिलं ती वेळ’ आणि ‘घडलं ती वेळ’ कधी एक मानू नका. दुसरा घोळ तारखेचा. आर्मस्ट्राँगनं चंद्रावर पाऊल टाकलं ते जागतिक प्रमाणवेळेनुसार २१ जुलैला पहाटे २:५६ ला. अमेरिकेत तेव्हा २० जुलै, रविवारची रात्र होती, भारतात २१ जुलै, सोमवारची सकाळ, ८:२६. परदेशातली घटना लिहिताना स्वतःची स्थानिक वेळ लिहा, रूपांतर नंतर कोणीही करेल. उन्हाळी वेळ पाळणाऱ्या देशांत तासाभराचा फरक पडतो, तोही तेव्हाच तपासायचा.

कॅमेरा

फोननं टिपत असाल तर तीनच गोष्टी. फोन आडवा धरा. एका दृश्यावर निदान दहा सेकंद हात स्थिर ठेवा, सारखा फिरवू नका. आणि शेवटी कॅमेरा स्वतःभोवती सावकाश एकदा फिरवून जागा आणि वेळ मोठ्यानं बोला. मूळ फाइलला हात लावू नका. तिच्यात वेळ, कधी ठिकाणही नोंदलेलं असतं, आणि मेसेजिंग ॲपवरून चित्र म्हणून पाठवली की ती माहिती बहुधा गळते आणि दर्जाही घसरतो. पाठवायचीच तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा.

टिपण्याच्या नादात स्वतःच्या डोळ्यांनी काही पाहिलंच नाही, असंही पुष्कळांचं होतं. कॅमेऱ्यातून पाहिलेलं असेल तर समासात तसं लिहा.

दुसऱ्याची आठवण टिपायची असेल तर

घरातल्या ज्येष्ठांनी पाहिलेलं टिपून ठेवायचं असेल तर घाई दोन दिवसांची नसते, दोन वर्षांची असते, पण असते. तयारी सोपी आहे. पंखा आणि फ्रिजचा आवाज येणार नाही अशी खोली. भिंती उघड्या असतील तर पडदे ओढा, नाहीतर आवाज घुमतो. माइक किंवा फोन तोंडापासून वीत-दीड वीत अंतरावर, टेबलावर ठेवायचा असेल तर खाली घडी केलेलं फडकं, म्हणजे टेबलाला हात लागला तरी दणका बसत नाही. फोनवर रेकॉर्ड करत असाल तर तो विमान मोडवर टाका. मध्येच फोन आला की कित्येक ॲप रेकॉर्डिंग थांबवतात आणि हे तासाभरानं कळतं. एक मिनिट चाचणी घेऊन हेडफोन लावून ऐका. नुसत्या हलणाऱ्या रेषा बघून समाधान मानू नका. जमलं तर एमपीथ्रीऐवजी वेव्ह फाइल ठेवा, तिच्यात आवाज न दाबता जसाच्या तसा राहतो. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, एकाच माइकची नोंद तासाला साधारण ५२० एमबी जागा खाते.

सुरुवातीला तुम्हीच बोला: तारीख, जागा, कोण बोलणार, कोण विचारणार, विषय काय. ही ओळ नसेल तर दहा वर्षांनी ती फाइल कोणाची ते ओळखू येत नाही. बैठक तासाची, फार तर दीड तासाची. त्यापुढं माणूस दमतो आणि ‘हो, तसंच’ म्हणत सुटतो.

पहिला प्रश्न मोकळा ठेवा: ‘त्या दिवशी सकाळी उठल्यापासून सांगा.’ आणि मग गप्प बसा. माणूस थांबला की लगेच पुढचा प्रश्न टाकायचा मोह होतो, तो आवरून मनात दहापर्यंत मोजा. सातव्या-आठव्या आकड्याला बऱ्याचदा खरी गोष्ट येते. त्यानंतर त्यांच्याच शब्दांना धरून मागं जा: ‘आजी, तू म्हणालीस लोक वर बघत होते. तू तेव्हा कुठं होतीस?’ मग इंद्रियांकडं वळा: वास, आवाज, ऊन की सावली, पायांखाली काय. मग एकदा उलटा क्रम घ्या, घरी परत आल्यापासून मागं मागं. सरळ सांगताना गोष्ट ठरलेल्या चाकोरीतून जाते, उलट सांगताना सुटलेले तुकडे वर येतात. फिशर आणि गायझलमन या मानसशास्त्रज्ञांनी १९८० च्या दशकात पोलिस तपासासाठी ही पद्धत बसवली.

प्रश्नाची शब्दरचना जपायची. १९७४ साली एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर या मानसशास्त्रज्ञांनी लोकांना गाड्यांच्या धडकेची फीत दाखवली. काहींना ‘एकमेकींना धडकल्या तेव्हा वेग किती होता’ असं विचारलं, काहींना ‘एकमेकींवर आदळून चक्काचूर झाल्या तेव्हा’ अशा अर्थाचं. आठवड्यानं विचारलं, फुटलेली काच दिसली का? फितीत काच फुटलेली नव्हतीच. पहिल्या गटात ५० पैकी ७ जणांना ती ‘दिसली’, दुसऱ्यात १६ जणांना. एका क्रियापदाची ही करामत.

घरगुती मुलाखतीत हेच असं होतं:

‘आजोबा, तुम्ही ते रेडिओवरच ऐकलंत ना?’
‘हो, रेडिओवरच असेल.’

आता तोच प्रश्न नीट विचारला तर:

‘आजोबा, ही बातमी तुमच्यापर्यंत पोचली कशी?’
‘वरच्या मजल्यावरचा पोरगा ओरडत जिना उतरला. रेडिओ आम्ही मग लावला, पण त्याला गरम व्हायला वेळ लागायचा. तोवर सगळे जिन्यातच उभे.’

‘ना’, ‘की नाही’, ‘असेलच’ हे शब्द विचारणाऱ्यानं घरीच ठेवून यावेत. ‘खिडकीत होतात की दारात?’ हाही सापळाच आहे. माणूस दोन्हींपैकी एक निवडतो आणि तिसरी खरी जागा राहून जाते. जुने फोटो आणि कात्रणं शेवटी काढा. आधी दाखवलीत तर पुढं जे ऐकू येईल ते फोटोचं वर्णन असेल, आठवण नव्हे.

प्रसंग जीव गेल्याचा, दंगलीचा, पुराचा असेल तर आधीच ठरवा की हात वर केला की थांबायचं. रात्री उशिरा असल्या बैठका घेऊ नयेत. संपल्यावर यंत्र बंद करा आणि तिथंच बसून राहा, दुसरं काहीतरी बोला. सामान आवरून लगेच उठून जाणं फार वाईट. आणि रेकॉर्डिंग कोण ऐकणार, कोणता भाग बंद ठेवायचा, कधीपर्यंत, हे साध्या चार ओळींत लिहून सही घ्या. घरचं माणूस असलं तरी घ्या.

उतरवणं आणि ताडून पाहणं

एका तासाचं बोलणं शब्दशः उतरवायला चार ते सहा तास लागतात. बोली जशी आहे तशी ठेवा, शुद्ध करायला जाऊ नका. दर दोन मिनिटांनी वेळेची खूण, कळलं नाही तिथं ‘[१४:२० अस्पष्ट]’. अंदाजानं शब्द भरलात तर पुढचा वाचणारा तो खराच धरेल.

मग तपासणी. वार, सूर्यास्त, चंद्राची तिथी या गोष्टी कोणत्याही तारखेसाठी काढता येतात, म्हणून त्या आधी. ‘पौर्णिमेचं चांदणं होतं’ म्हणाले आणि पंचांगात अमावास्या निघाली, तर निदान तारीख किंवा चांदणं यांपैकी एक चुकलंय. शाळा भरलेली होती म्हणाले आणि तो रविवार निघाला, तसंच. नंतर वर्तमानपत्र. संध्याकाळी उशिरा घडलेलं दुसऱ्या दिवशीच्या अंकात नसेल तर तिसऱ्या दिवशीचा पाहा, छपाईची वेळ टळून गेलेली असते. मग साधनं: ते यंत्र, ती वाहिनी तेव्हा तिथं होती का? मुंबई दूरदर्शन सुरू झालं २ ऑक्टोबर १९७२ ला. मुंबईत घरच्या टीव्हीवर १९६९ चं चांद्रपदार्पण पाहिल्याची आठवण म्हणजे रेडिओवर ऐकलेलं आणि नंतर कधी पडद्यावर पाहिलेलं एकमेकांत मिसळलेलं असणार.

ही चूक नेहमीची आहे. बातमी पहिल्यांदा कळली तो क्षण पुसट होतो, आणि तासाभरानं किंवा वर्षानं जास्त ठसठशीत रूपात पाहिली तो क्षण त्याच्या जागी जाऊन बसतो. चॅलेंजरच्या अभ्यासातही दुसऱ्या खेपेला टीव्हीवरूनच कळलं म्हणणारे दुपटीहून जास्त झाले होते. हे ठाऊक असलं की विचारायचा प्रश्न सापडतो: ‘त्याच्याही आधी कोणी काही म्हणालं होतं का?’

चूक सापडली तरी मजकुरात दुरुस्ती करायची नाही. खाली टीप लिहायची: काय ताडलं, कशाशी ताडलं, काय निघालं. सांगणाऱ्याला वाचून दाखवल्यावर तो काही बदलायचं म्हणाला, तर तेही तारखेसह टीपेतच.

ठेवणं

कागदावर लिहायला साधी शिसपेन्सिल उत्तम, बॉलपेनची शाई वर्षांनी फिकी पडते. तिकिटं, पावत्या थर्मल कागदाच्या असतील तर आजच ३०० ते ६०० डीपीआयला (म्हणजे इंचाला तितके ठिपके) स्कॅन करा, काही वर्षांत त्या कोऱ्या होतात. वर्तमानपत्राचं कात्रण फोटोला चिकटवून ठेवू नका, त्याच्यातलं आम्ल शेजारच्या कागदालाही पिवळं करतं. फाइलींच्या तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यांतली एक दुसऱ्या घरात. फाइलीच्या नावात तारीख पुढं: वर्ष, महिना, दिवस. वर्षातून एकदा सगळ्या उघडून पाहा. न उघडलेली प्रत आहे की नाही, हे सांगता येत नाही.

घरी जुन्या व्हीएचएस कॅसेट असतील, कोणीतरी सामना किंवा शपथविधी टीव्हीवरून भरून ठेवलेला असेल, तर आधी कडेची छोटी प्लास्टिकची पट्टी मोडून टाका, म्हणजे तिच्यावर चुकून दुसरं भरलं जाणार नाही. कॅसेटच्या पारदर्शक खिडकीतून टेपवर पांढुरकी बुरशी दिसली तर यंत्रात घालू नका. टेप तुटेल आणि यंत्राचं हेडही खराब होईल, ती जाणकाराकडंच द्यावी. टेप चांगली असेल तर एकदा टोकापर्यंत पुढं आणि पुन्हा मागं गुंडाळून घ्या, ताण सारखा होतो, आणि मगच उतरवा. टीव्हीचं चित्र भरण्याच्या पाल (आपल्याकडची) आणि एनटीएससी (अमेरिका, जपानकडची) या पद्धती वेगळ्या आहेत. परदेशातून आलेली कॅसेट इथल्या साध्या यंत्रावर नीट चालली नाही तर ती खराब आहे असं समजून फेकू नका.

उतरवताना जाहिराती, मधलं व्यत्ययाचं चित्र, बातम्यांची पट्टी, भरणाऱ्यानं उशिरा बटण दाबल्यामुळं हुकलेली सुरुवात, काहीही कापायचं नाही. सामना कुठल्या ना कुठल्या संग्रहात असतो. त्या घरात त्या दिवशी तो कुठून कुठवर आणि मध्ये काय काय बघत पाहिला गेला, ते फक्त या कॅसेटवर आहे. दोन भावंडांच्या आठवणी जुळत नसतील तर त्या याच कॅसेटशी ताडून पाहा. नाहीच जुळल्या तर दोघांची दोन वेगळी पानं करा, दोन्हींवर सह्या घ्या आणि एकाच पाकिटात ठेवा.